जुन्या लॅपटॉपला वायफाय धरंना? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

औशाला मावशीकडं गेलतो, चहा व्हायच्या आधीच मावशी म्हणाली, "आरं बाबा, ते लॅपटॉप एकदा बग की, पोरीचं फारम भराचं ऱ्हायलंय अन् वायफायच धरंना झालंय." २०११ चा लॅपटॉप, विंडोज ७, बॅटरी कधीच गेलेली, चार्जर लावला तरच चालतो. एका दुकानवाल्यानं आधीच सांगून टाकलेलं की फॉरमॅट मारावं (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकावं) लागंल, नाहीतर नवीन घ्या. मला हे लई लागतं कारण त्यात आजीचे फोटो होते, दुसरीकडं कुठंच नाहीत, आणि शेवटी बिघाड निघाले दोन, दोन्हीचा फॉरमॅटशी काही संबंध नाही.

सगळ्यात आधी मोबाइल घ्या, त्याचा डेटा बंद करा (हे लोक विसरतात आणि डेटावर चालणाऱ्या नेटला वायफाय समजतात) आणि फक्त वायफायवर एखादी साइट उघडा. मोबाइलवर पण चालत नसंल तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागलाय का बघा, लागला असंल तर वायर तुटलीय किंवा निघालीय, कनेक्शनवाल्याला फोन करा. लाइट नुकतीच आली असंल तर डब्याला पाच मिनिटं तरी द्या.

मोबाइलवर चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर मग नाव दिसतच नाही, का दिसतंय पण जोडत नाही, का जोडतंय पण साइट उघडत नाहीत, हे आधी नीट बघा कारण तिन्हीचं कारण वेगळं असतं.

नाव दिसत नसंल तर जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचं छोटं सरकवायचं बटण असतं, साफसफाई करताना ते सरकतं, नाहीतर कीबोर्डवरचं एफएन (Fn) दाबून वरच्या ओळीतलं अँटेनाचं चित्र असलेलं बटण दाबा. तरी नाही आलं तर पहिला संशय ५ गिगाहर्ट्झवर घ्या (वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं). त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपची वायफाय कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, आणि मावशीकडं नवीन फायबर बसवणाऱ्यानं २.४ बंदच करून ठेवलेलं, मोबाइल पळायलेत म्हणून कुणाला कळलंच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ चालू करा, त्याला वेगळं नाव द्या, चॅनेल (त्या पट्ट्यातला नंबर) ऑटोवर न ठेवता १, ६ नाहीतर ११ ठेवा, कारण १२-१३ नंबरचे चॅनेल काही जुन्या कार्डांना दिसतच नाहीत.

नाव दिसतंय, पासवर्ड बरोबर आहे तरी जोडत नाही, असं असंल तर राउटरची सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवीन पद्धत) वर आहे का बघा. जुन्याला ते झेपत नाही, त्याच्या आधीची डब्ल्यूपीए२ एईएस करा. ओपन मात्र ठेवू नका, पासवर्ड पाहिजेच.

आता खरी डोकेदुखी, जोडलंय पण साइट उघडंना. २.४ चालू केल्यावर मावशीकडं हेच झालं, वायफायच्या कांड्या फुल्ल आणि प्रत्येक साइटवर कनेक्शन सुरक्षित नाही असा इशारा. खाली कोपऱ्यात घड्याळ बघितलं तर १ जानेवारी २०११! प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटला (साइट खरी असल्याच्या दाखल्याला) मुदत असते, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, आणि लॅपटॉपच्या हिशोबानं ती तारीख अजून आलेलीच नव्हती म्हणून तो साइट उघडायला नाही म्हणत होता. आत बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, बहुतेक वेळा सीआर २०३२, तो संपला की बंद असताना घड्याळ चालत नाही, आणि मोठी बॅटरी पण मेलेली असल्यावर लाइट गेली की तारीख मागं जाते. तात्पुरतं तारीख, साल, वेळ हातानं नीट करा, ब्राउझर बंद करून उघडा. सेल मात्र बदलून घ्या, नाहीतर दर लोडशेडिंगनंतर हेच. तारीख बरोबर असून साइट उघडत नसतील तर ब्राउझर बघा, विंडोज ७ साठी क्रोम १०९ नंबरच्या आवृत्तीवरच थांबलंय, फायरफॉक्सचं ११५ इएसआर (जास्त दिवस अपडेट मिळणारी आवृत्ती) टाकून बघा. पण विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० लाच बंद झालेत, त्यामुळं बँकेचं काम त्यावर करू नका, फॉर्म-बिर्म ठीक आहे.

एक गोष्ट अजून, जुन्या ब्रॉडबँडच्या वेळी कुणीतरी आयपी अॅड्रेस (नेटवर्कमधला लॅपटॉपचा नंबर) हातानं टाकून ठेवलेला असतो आणि नवीन राउटरला तो चालत नाही. वायफाय अडॅप्टरच्या (म्हणजे वायफाय कार्डाच्याच) प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ उघडा आणि आयपी, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) दोन्ही ऑटोमॅटिक करा. ऑटोमॅटिक असूनही आयपी १६९.२५४ नं सुरू होत असंल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, राउटर बंद-चालू करा.

मधेमधे तुटत असंल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली लॅपटॉपच्या पार्टांची यादी) वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायला कार्ड बंद करायची टिक काढा. आणि राउटर कुठं ठेवलाय ते बघा. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं म्हणून घरात भरलेले ड्रम रांगेनं उभे असतात, आणि पाणी वायफायचा सिग्नल खातं. मावशीचा राउटर जमिनीवर, दोन भरलेल्या ड्रमच्या मागं, वरून लोखंडी कपाट. तो उचलून दिवळीत उंच ठेवला तर मधल्या खोलीपर्यंत रेंज आली, जाड दगडी भिंतीच्या पलीकडं मात्र नाहीच आली, तिथं लॅन केबलच टाकावी लागंल.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर पिवळं चिन्ह असंल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) गेलाय. नेट नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा, तर अँड्रॉइड मोबाइल केबलनं लॅपटॉपला जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलनं लॅपटॉपला देणं) चालू करा, त्या नेटवर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर घ्या. कार्डच मेलं असंल तर यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल मिळतो, घेताना तुमच्या विंडोजवर चालतो का ते डब्यावर वाचून घ्या. आणि कुणाच्याही हातात लॅपटॉप द्यायच्या आधी फोटो पेनड्राइव्हवर काढून ठेवा, मावशीच्या लॅपटॉपमधले आजीचे मी त्याच रात्री काढले.