पुण्या-नाशिकच्या हवेत बियांपासून पॅन्सी कशी वाढवावी

परदेशी बियाण्यांच्या पाकिटावर पॅन्सी वसंतातले फूल म्हणून छापलेली असते आणि इंग्लंडच्या हवेत ते खरेही आहे. आपल्याकडे मात्र चैत्र लागेपर्यंत हे झाड उन्हाने माना टाकते. पुणे, नाशिक आणि एकूणच पठारावरच्या महाराष्ट्रात पॅन्सी हिवाळी हंगामी फूल म्हणूनच लावावी: ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरणी, नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या आरंभी पुनर्लागवड आणि जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत फुले. मुंबईत आणि कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी बियांच्या वाटेला न जाता डिसेंबरात नर्सरीतून कळ्या धरलेली रोपे आणावीत.

खरी अडचण उगवणीची आहे. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण दहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे गारठा पडण्याची वाट पाहून डिसेंबरात पेरले तर बी छान उगवते, पण झाड फुलावर येते तेव्हा मार्चचे ऊन सुरू झालेले असते. म्हणजे पेरणी ऑक्टोबरच्या उकाड्यातच करणे भाग आहे आणि या बियाण्याला नेमका उकाडाच सोसत नाही. त्याला १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. माती २५ अंशांच्या वर गेली की पुष्कळसे बी उगवायचे नाकारते. गच्चीवर उन्हात ठेवलेला ट्रे दुपारी याहून कितीतरी जास्त तापतो, आणि मग लोक बियाणे खराब निघाले म्हणून दुकानदाराला बोल लावतात. बी कोमट पाण्यात भिजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो भेंडी-कारल्यासाठी ठीक असेल, पॅन्सीच्या बाबतीत तो सरळ बाजूला ठेवावा.

प्रो-ट्रेमध्ये (रोपांसाठीच्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून प्रत्येक कप्प्यात एक बी टाकावे आणि वर जेमतेम तीन मिलिमीटरचा थर पसरावा. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्यावे, वरचा थर गडद दिसू लागताच उचलून निथळावा आणि काळ्या कागदाने झाकावा, कारण अंधारात हे बी अधिक चांगले उगवते. झाकलेला ट्रे घरातल्या सर्वांत गार खोलीत, शक्यतो उत्तरेकडच्या, थेट फरशीवर ठेवून त्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. पावसाळा सरल्यावर हवा कोरडी झालेली असते, त्यामुळे माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने ट्रेही गार राहतो. तापमानाचा अंदाज हाताने घेऊ नये. थर्मामीटर कोकोपीटमध्ये खोचावा आणि भर दुपारी पारा २२ च्या वर राहत असेल तर पेरणी खुशाल आठवडाभर पुढे ढकलावी.

उगवणीला दहा ते चौदा दिवस लागतात, पण पाचव्या दिवसापासून कागद रोज उचलून पाहावा. पहिले पांढरे कोंब दिसताच कागद काढून ट्रे त्याच दिवशी भरपूर उजेडात आणावा. कागद आणखी एक रात्र राहिला तरी कोंब दोऱ्यासारखे लांबतात आणि तशी रोपे पुढे क्वचितच सावरतात. इथून पुढे शत्रू म्हणजे रोप बुडाशी कोलमडवणारी बुरशी. तिच्यावर दालचिनीची पूड भुरभुरण्यापेक्षा सकाळीच आणि खालूनच पाणी देणे व वरचा थर मधूनमधून कोरडा होऊ देणे अधिक कामाचे आहे.

चार-पाच खरी पाने (बियांतून निघणाऱ्या पहिल्या दोन बीजपत्रांनंतरची) आली की रोपे हलवावीत. दहा इंची कुंडीत तीन रोपे पुरेत, आणि माती निचऱ्याची असावी.

बाकी देखभाल सोपी आहे. जानेवारीपर्यंत चार-पाच तास ऊन आणि फेब्रुवारीपासून दुपारी सावली द्यावी. नत्रयुक्त खत जास्त झाले तर पाने माजतात आणि फुले कमी येतात. बोअरवेलच्या जड पाण्यामुळे कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहू लागल्या तर ती लोहाची कमतरता समजावी आणि चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येणाऱ्या रूपातले लोह) द्यावे. मावा दिसल्यास संध्याकाळी निंबोळी तेल फवारावे. सुकलेले फूल देठासकट खुडावे, कारण नुसत्या पाकळ्या काढल्या तर बोंड राहते आणि झाड बी धरण्यात शक्ती घालवते.

मोठ्या, चेहऱ्यासारख्या फुलांच्या वाणांना मागणी अधिक असली तरी गच्चीसाठी मी पॅन्सीच्याच जवळची, लहान फुलांची व्हायोलाच सुचवीन; ती उन्हात थोडी अधिक काळ तग धरते. मार्चमध्ये झाडे उपटताना संकरित वाणाचे बी मात्र धरून ठेवू नये, त्यातून मूळ रंगांची खात्री राहत नाही. पाकिटातले उरलेले बी हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे आणि येत्या ऑक्टोबरातच संपवावे, कारण पॅन्सीच्या बियांची उगवणशक्ती लवकर घटते.