कोपरावरचे खवले आणि काळ्या कुड्याचं तेल

माझ्या दोन्ही कोपरांवर सोरायसिसचे जाड, चंदेरी खवले होते. निरोगी त्वचेला नवी व्हायला साधारण 28 दिवस लागतात, इथे तीन-चार दिवसांतच पेशी वर येऊन साचतात.

तमिळनाडूत ‘सिद्ध’ या पारंपरिक वैद्यकपद्धतीचे वैद्य यासाठी वेट्पालै तैल देतात. वेट्पालै म्हणजे आपला काळा कुडा. पांढरा कुडा वेगळा, त्यामुळे झाड मी जाणकाराकडून ओळखून घेतलं. ताजी पानं पुसून कोरडी केली, हाताने तोडून काचेच्या बरणीत खोबरेल तेलात बुडवली आणि बरणी आठवडाभर उन्हात ठेवली. तेल हळूहळू गर्द जांभळं होत गेलं. पानांना पाणी राहिलं तर तेल खवट होतं. पहिली बरणी तशीच वाया गेली.

आधी मनगटाजवळ थोडं लावून दोन दिवस पाहिलं. मग रोज आंघोळीआधी अर्धा तास. जुनेच कपडे घाला, डाग जात नाहीत.

तीन आठवड्यांत खवले मऊ पडले, खाज कमी झाली. लाली मात्र त्वचारोगतज्ज्ञांच्या मलमानेच उतरली, ते मी एक दिवसही थांबवलं नव्हतं. भेगा पडून रक्त येत असेल तिथे हे तेल कृपा करून लावू नका.