डुगडुगणारी खुर्ची दुरुस्त कशी करायची, आणि दुसऱ्याला शिकवायची कशी

लाकडी खुर्चीचा पाय हलायला लागला की बरेच जण सांध्यात वरूनच फेविकॉल ओततात नाहीतर सरळ एक खिळा ठोकतात. प्लीज दोन्ही करू नका. जुन्या वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं, आणि खिळ्याने लाकूड चिरलं की पुढच्या वेळी नीट दुरुस्तीही अवघड होऊन बसते.

आधी सांधा पूर्ण सुटा करा. निघत नसेल तर मध्ये लाकडाचा तुकडा धरून हलके ठोके द्या. त्याआधी प्रत्येक जोडाला पेन्सिलने खूण करायची, कारण दांड्या दिसायला सारख्या असल्या तरी आपापल्या भोकातच घट्ट बसतात. मग जुना गोंद खरवडून काढा, दांडीवरचाही आणि भोकातलाही, खरा वेळ इथेच जातो आणि इथेच लोक घाई करतात. चाकूचं पातं उभं धरून फक्त गोंद काढायचा, लाकूड तासायचं नाही, दांडी बारीक झाली की सांधा परत ढिला. आता दोन्हीकडे गोंद लावा, दांडी बसवा, पायांभोवती दोरीचा फास घाला आणि त्यात काठी अडकवून पीळ द्या. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि चारही पाय जमिनीला टेकतायत ना तेही तेव्हाच बघा, वाळल्यावर काही करता येत नाही. २४ तास कुणी बसायचं नाही.

आणि हे एकट्याने उरकू नका, घरातल्या कुणाला तरी, लहान असो की मोठं, सोबत घ्या. हत्यार त्यांच्या हातात द्या, आपण शेजारी बसा. समोरच्याचा हात अडखळला की आपल्याला राहवत नाही, "दे इकडे" म्हणून आपण हिसकावून घेतो, आणि शिकणं तिथेच थांबतं. त्यापेक्षा विचारा, कुठे अडकलंय असं वाटतंय? ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली पहिला रिपेअर कॅफे भरला तो याच पद्धतीवर, वस्तू देऊन निघून जायचं नाही, जाणकाराबरोबर बसून आपणच दुरुस्त करायची. मला हे फार पटतं.

अगदी नवख्या माणसाला आधी सोपं काम द्या. बटण लावताना बटणाखाली आगकाडी धरून टाके घालायचे, मग काडी काढून खालच्या दोऱ्याला वेढे द्यायचे, म्हणजे जाड कापडातही बटण नीट लागतं. बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात गोंद लावलेल्या दोन-तीन टूथपिक ठोका, वाळल्यावर जास्तीच्या कापा आणि तोच स्क्रू परत पिळा. काहीही उघडताना आधी मोबाईलवर फोटो काढायचा आणि निघालेले स्क्रू क्रमाने चिकटपट्टीवर लावून ठेवायचे, ही सवय पहिल्या दिवसापासूनच लावा.

विजेच्या वस्तूचा प्लग आधी बाहेर, बटण नुसतं बंद करून चालत नाही. वस्तू चालत नसेल तर बऱ्याचदा वायर प्लगजवळच आतून तुटलेली असते, तेव्हा आधी तिथे बघा. मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडूच नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा चार्ज राहू शकतो. हे शिकणाऱ्यालाही कारणासकट सांगा.