बुधवारच्या रात्रीसाठी नारळाच्या दुधातला कोंबडीचा स्ट्यू

दर वर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असल्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या बाजारात ताजे मासे कमी होतात आणि श्रावण सुरू होईपर्यंत अनेक घरांत कोंबडीचे वार वाढतात. सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळणाऱ्या घरात बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी कामावरून परतल्यावर खोबरे-कांदा भाजून वाटण करायचे आणि मग रस्सा शिजवायचा, एवढा वेळ हाताशी नसतो. अशा रात्रींसाठी मी नारळाच्या दुधातला साधा स्ट्यू करते. केरळात ‘इष्टू’ म्हणून आप्पमबरोबर खातात त्याच्या जवळचा हा प्रकार आहे. त्यात भाजलेले वाटण नाही आणि लाल मसालाही नाही. नारळ घरचा असेल आणि तो फोडून खवण्याचा हात बसलेला असेल, तर सगळे काम सुमारे पाऊण तासात उरकते.

चार माणसांसाठी हाडासकट पाऊण किलो ब्रॉयलर कोंबडी मध्यम तुकडे करून आणावी. निव्वळ छातीचे बोनलेस तुकडे घेण्याचा मोह टाळावा, कारण हाडे आणि सांध्यांतून उतरणाऱ्या चिकट अंशामुळेच पातळ रसाला अंग येते, शिवाय छातीचे मांस फार लवकर कोरडे पडते. गावठी कोंबडी चवीला सरस असली तरी ती मऊ व्हायला तासाभराहून अधिक वेळ लागतो, म्हणून ती रविवारसाठी राखून ठेवावी. आणलेली कोंबडी नळाखाली धरून धुण्याची सवय बहुतेक घरांत आहे, परंतु त्या पाण्याचे शिंतोडे मोरीत, ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर जंतू पसरवतात. जंतू मरतात ते नीट शिजवल्याने, म्हणून तुकडे न धुता स्वच्छ कागदाने टिपून घेणे अधिक योग्य.

तुकड्यांना एक चमचा मीठ आणि एक मोठा चमचा आले-लसूण वाटण चोळून ते बाजूला ठेवावेत आणि तेवढ्या वेळात नारळाकडे वळावे. एका मोठ्या नारळाचे खोबरे खवून, अर्धी वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमधून फिरवावे आणि स्वच्छ पंचातून घट्ट पिळून दाट दूध काढावे. तोच चोथा दोन वाट्या कोमट पाण्याबरोबर पुन्हा फिरवून पिळला की पातळ दूध मिळते. ही दोन दुधे वेगवेगळ्या भांड्यांत ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण त्यांचे काम वेगळे आणि पातेल्यात जाण्याची वेळही वेगळी. विकतचे नारळाचे दूध वापरायचे असल्यास त्याचा थोडा भाग पाण्यात मिसळून पातळ दूध करावे आणि उरलेले शेवटासाठी ठेवावे.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून त्यात दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा, दोन वेलच्या आणि आठ-दहा अख्खे मिरीदाणे घालावेत. वास सुटला की दोन मध्यम कांदे उभे चिरून, मध्यम आंचेवर मऊ आणि पारदर्शक होईपर्यंत परतावेत. कांदा तांबूस होऊ देऊ नये, कारण मग रसाचा रंग आणि चव दोन्ही रस्स्याकडे झुकतात. याच कारणासाठी मी हळदही घालत नाही. त्यानंतर आल्याचे बारीक काप, उभ्या चिरलेल्या तीन-चार हिरव्या मिरच्या आणि कढीलिंबाची एक डहाळी घालून कोंबडीचे तुकडे टाकावेत आणि ते बाहेरून पांढुरके होईपर्यंत चार-पाच मिनिटे परतावेत.

आता पातळ दूध ओतावे आणि तुकडे जेमतेम बुडत नसतील तर थोडे गरम पाणी घालावे. एक उकळी आली की आंच मंद करून झाकण ठेवावे. दहा मिनिटांनी दोन बटाट्यांच्या मोठ्या फोडी आणि एका गाजराचे जाडसर काप घालून आणखी पंधरा मिनिटे शिजू द्यावे. फरसबी असल्यास तीही याच वेळी घालावी. मांस हाडापासून सहज सुटू लागले आणि बटाट्यात सुरी विनासायास गेली की शिजणे पूर्ण झाले असे समजावे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल, तर सर्वांत जाड तुकड्याच्या आत, हाडाला टेकू न देता, ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. रस फार पातळ वाटल्यास बटाट्याच्या दोन-तीन फोडी डावाने पातेल्याच्या कडेला दाबून मोडाव्यात, तेवढ्याने तो पुरेसा आळतो.

यापुढची पाच मिनिटे सर्वांत जपण्याची. दाट दुधातले खोबरेल बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात विखुरलेले असते आणि त्या थेंबांना सावरून धरणारी प्रथिने जोराच्या उकळीने गोठली की तेल वर येऊन दूध फुटते. सुरुवातीच्या दिवसांत मी घाईने दाट दूध खदखदत्या रसात ओतले होते. चव बिघडली नाही, पण रवाळ कण आणि वर तेलाचा तवंग असलेला तो स्ट्यू ताटात वाढताना मन खट्टू झाले. म्हणून गॅस अगदी बारीक करून दाट दूध सावकाश घालावे, एकाच दिशेने हलक्या हाताने ढवळावे आणि कडेला वाफ दिसू लागताच गॅस बंद करावा. मीठ आता चाखून बेताचे करावे, ताजी भरडलेली मिरी वरून पेरावी आणि अर्ध्या लिंबाचा रस पातेले खाली उतरवल्यावरच पिळावा. आंबटपणानेही दूध फुटते, म्हणून यात सोले किंवा चिंच शिजवू नये.

झाकून दहा मिनिटे मुरू दिल्यावर आंबोळीबरोबर हा स्ट्यू फार चांगला लागतो, कारण तिच्या जाळीत रस भरून राहतो. आंबोळीचे पीठ आदल्या दिवशी भिजवलेले नसेल तर तांदळाच्या पिठाचे घावणे तेवढ्याच वेळात होतात आणि तेही जमले नाही तर उकड्या तांदळाचा गरम भात आहेच. उरलेला स्ट्यू दमट हवेत रात्रभर ओट्यावर ठेवू नये. जेवण झाल्यावर, दोन तासांच्या आत, उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दोन चमचे पाणी घालून, मंद आंचेवर सतत हलवत, प्रत्येक तुकडा आतपर्यंत वाफाळता गरम करून संपवावा.