रॅम बसवण्याआधी हात कॅबिनेटला लावा

थंडीत अंधाऱ्या खोलीत लोकरी स्वेटर डोक्यावरून काढला की चटचट आवाज येतो, कधी बारीक ठिणग्याही दिसतात. आपल्याला त्याची गंमत वाटते, पण घरी कॉम्प्युटर जोडायला बसलात की हीच स्थिर वीज महागात पडू शकते. असा झटका माणसाला जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. काही नाजूक चिप मात्र १०० व्होल्टच्या आतबाहेरच मार खातात. म्हणजे तुम्हाला काही जाणवलंच नाही, तरी आत नुकसान झालेलं असू शकतं. चिपमधल्या ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा इन्सुलेशनचा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो, त्याला भोक पडायला वेळ लागत नाही.

भाग जागीच मेला तर निदान कळतं तरी. वैताग येतो तो अर्धमेल्या भागाचा. आज चालतो, चार महिन्यांनी मशीन मधेच रीस्टार्ट व्हायला लागतं आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतो.

यावरचा उपाय समजून घ्यायचा तर एकच गोष्ट लक्षात ठेवा. नुकसान होतं ते दोन वस्तूंच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे. तुम्ही, कॅबिनेट (कॉम्प्युटरचा धातूचा डबा) आणि हातातला भाग हे तिघं एकाच पातळीवर असाल, तर ठिणगी उडायला कारणच उरत नाही. पुढचं सगळं एवढ्याचसाठी.

आधी जागा बघा. लाकडी टेबल चांगलं. ते नसेल तर साध्या टेबलावर सुती चादर अंथरा. गालिचा, पलंगावरची ब्लँकेट, काचेचं टेबल नको. अंगात सुती कपडे असू द्या. स्वेटर आणि टेरिलीनचा शर्ट काढून ठेवा. थर्माकोल, बबल रॅप, सेलोटेप आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हातभर लांब सारा. थर्माकोलचे दाणे बोटांना कसे चिकटतात ते आठवलं की कारण सांगायला नको. घड्याळ, बांगड्या, अंगठ्याही उतरवा.

हवेचाही यात मोठा वाटा असतो. पावसाळ्यात कोकणात हवा इतकी दमट असते की साठलेली वीज आपसूक झिरपून जाते. नागपूरची डिसेंबरातली कोरडी हवा किंवा तासन्‌तास एसी चालू असलेली खोली मात्र धोक्याची. निवड हातात असेल तर दमट दिवस निवडा. पण पावसाळा आहे म्हणून बिनधास्त राहू नका.

आता प्लग काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. लॅपटॉप असेल तर मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते.

मग रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे मनगटाला बांधायचा पट्टा. त्याची धातूची बाजू थेट कातडीला टेकली पाहिजे, बाहीवरून बांधून उपयोग नाही. दुसऱ्या टोकाची क्लिप कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावा. रंगावर लावली तर ती शोभेपुरतीच, कारण रंग वीज अडवतो. पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला, तरी त्यामुळे पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरहून कमी करंट जातो. मल्टिमीटर असेल तर एकदा मोजून घ्या: साधारण १ मेगाओहम दाखवलं तर पट्टा ठीक, शून्य दाखवलं तर पट्टा टाकून द्या, काहीच दाखवलं नाही तर वायर आतून तुटली आहे. वायर नसलेले ‘वायरलेस’ पट्टेही मिळतात. त्यावर पैसे घालवू नका. आणि साधी वायर मनगटाला बांधून तिचं टोक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात खुपसण्याचा जुगाड तर मुळीच नको. जुन्या वायरिंगमध्ये त्या भोकात नेमकं काय येतंय याची खात्री कोण देणार?

पट्टा नसेल तरी काम अडत नाही. प्रत्येक भाग उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. मधेच उठून चहा आणायला गेलात, खुर्ची सरकवली, तर पुन्हा लावा. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून नुसतं उठण्यानेही अंगात वीज साठते.

नवीन भाग ज्या राखाडी, चंदेरी पिशवीत येतो तिच्यात धातूचा पातळ थर असतो, म्हणून तो आत सुरक्षित राहतो. गुलाबी पिशवी स्वतः वीज साठवत नाही, पण बाहेरची ठिणगी अडवत नाही. पिशवी बंद असतानाच एका हातात धरून दुसरा हात कॅबिनेटला टेकवा आणि मग उघडा. भाग दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल तर आधी एकमेकांच्या हाताला हात लावा. भावाला हे विचित्र वाटेल, वाटू दे. रॅम आणि प्रोसेसर कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना किंवा पिनांना बोट लावू नका. सुटा बोर्ड पिशवीवर ठेवून चालू करू नका, तिचा पृष्ठभाग वीज थोडीफार वाहून नेतो.

सगळं बसवल्यावर पट्टा काढा, झाकण लावा, मगच प्लग घाला. स्क्रीन काळीच राहिली तर लगेच स्थिर विजेवर आळ घेऊ नका. बऱ्याचदा रॅम एका टोकाला अर्धवट बसलेली असते. प्लग काढा, पट्टा पुन्हा बांधा आणि खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दोन्ही टोकं दाबा.