जिथे सारे काही दिसते, तिथली रहस्यकथा कशी लिहावी

पाळतीखाली जगणाऱ्या भविष्यकालीन समाजात घडणारी रहस्यकथा लिहायला बसले की पहिली अडचण लगेच समोर येते: प्रत्येक चौकात, लिफ्टमध्ये आणि उंबरठ्यावर यंत्राचा डोळा असेल, तर खुनी कोण हा प्रश्न दुसऱ्या प्रकरणापर्यंतही टिकत नाही. नवखा लेखक यातून हमखास एकच पळवाट काढतो आणि ऐन खुनाच्या वेळी कॅमेरा बंद पाडतो. माझ्या पहिल्या कथेत मी लोडशेडिंग आणले होते. ज्या मित्राला ती वाचायला दिली, त्याने तिसऱ्या पानावरच "वीज गेली, म्हणजे आता खून होणार" असे सांगून वही परत केली. कॅमेरा चालूच ठेवावा, नोंदही शाबूत ठेवावी आणि रहस्य त्या नोंदीतच दडवावे.

त्यासाठी कथानकाच्या आधी पाळतीचे नियम कागदावर उतरवावेत. कोण पाहते, काय साठवले जाते, किती दिवस साठवले जाते आणि ते मागण्याचा अधिकार कोणाला आहे, एवढे ठरल्याशिवाय एकही पात्र घराबाहेर काढू नये. हे नियम किती फलदायी असतात ते आजच्याच एका उदाहरणावरून कळते. पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांविषयी २ डिसेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपण्यास सांगितले. लेखकाच्या दृष्टीने यात एक अख्खी कथा आहे, कारण एकोणिसावा महिना उजाडण्याची वाट पाहणारा अधिकारी कॅमेरा फोडणाऱ्या गुंडापेक्षा कितीतरी अधिक भयावह वाटतो.

नोंद असणे आणि ती न्यायालयात टिकणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नंतर, हा प्रश्न निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला होता. त्याच प्रकरणात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट कायम आहे. भविष्यातील कथेत अशा प्रमाणपत्रावर सही करणारा कनिष्ठ तंत्रज्ञ हे एक महत्त्वाचे पात्र ठरू शकते. त्याच्यावर कोणाचा दबाव आहे, कर्ज किती आहे आणि त्याने कोणते चित्रण न पाहताच सही केली, याचा विचार करावा.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेला सर्वज्ञ समजू नये. दिवसाला एक कोटी चेहरे तपासणारी यंत्रणा लाखात एकदाच चुकते असे धरले, तरी रोज शंभर चुका होतात. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराजवळ जानेवारी २०२० मध्ये दुकानातील चोरीच्या चित्रणाशी चेहरा जुळल्याच्या आधारावर पोलिसांनी एका निरपराध माणसाला त्याच्या बायकामुलींदेखत अटक केली होती. अशी यंत्रणा साधारणपणे संभाव्य चेहऱ्यांची यादी पुढे करते आणि त्यातला एक माणूस निवडतो. ही निवड ज्या क्षणी होते, तो प्रसंग सविस्तर लिहावा.

आता एक नमुना घेऊ. समजा, कथेतील कायद्यानुसार घरातील चित्रण तीस दिवसांनी पुसले जाते आणि मागे उरतो तो केवळ यंत्राने लिहिलेला सारांश. एका वृद्धाला चुकीचे औषध देण्यात आले, परंतु संशय आला तो पंचेचाळिसाव्या दिवशी. सारांशात वाक्य आहे: "दुपारी ४.१०, सून औषध देते." प्रत्यक्षात त्या दिवशी औषध दिले होते माहेरपणाला आलेल्या लेकीने, रोज त्या वेळी सूनच औषध देते म्हणून यंत्राने सवयीने तेच नाते लिहिले. हा उलगडा वाचकाला फसवणूक वाटू नये, यासाठी दुसऱ्याच प्रकरणात दूधवाल्याऐवजी त्याचा भाऊ येऊन गेलेला असावा, सारांशात मात्र "दूधवाला आला" एवढेच असावे आणि त्यावर घरात कोणीतरी सहज हसावे. पुढे सुनेच्या बसच्या पासवर ४.१० चीच नोंद सापडते. एकच बाई एकाच वेळी दोन ठिकाणी, आणि दोन्ही नोंदी सरकारी. तपास अधिकाऱ्याची खरी कसोटी इथून सुरू होते.

हा अधिकारी पडद्यासमोर बसून राहिला, तर कथा मरते. त्याला वास, चव, शेजारणीचा सूर, मुद्देमालाच्या पिशवीवरची गाठ असे यंत्राच्या सारांशात न येणारे पुरावे शोधायला पाठवावे. पंचनामा, फिर्याद, खबऱ्या हे शब्द शंभर वर्षांनंतरच्या कथेतही खुशाल वापरावेत. यंत्रणेचे कार्य समजावून सांगणारे संवाद शक्यतो टाळावेत. ज्या गोष्टीत पात्रे जन्मापासून राहिली आहेत, ती त्यांनी एकमेकांना कशाला सांगावी?

पहिला खर्डा झाल्यावर एका कागदावर दोन रकाने आखावेत, एकात जे घडले ते आणि दुसऱ्यात जे नोंदले गेले ते, तारीख-वेळेसह. दोन्ही रकाने जिथे जुळत नाहीत अशा जागा दोन-तीनच असाव्यात. त्याहून अधिक असतील तर त्या छाटाव्यात, आणि उरलेल्या प्रत्येक जागेचा सुगावा कितव्या पानावर आला आहे तो आकडा समासात लिहावा.