कंपनीच्या खर्चानं ट्रक ड्रायव्हर व्हायचंय? सही करायच्या आधी हे बघा

वाळूज, शेंद्रा नाहीतर जालन्याच्या एमआयडीसीत कुठल्याबी ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, गाड्या हाईत पण चालवायला माणूस नाही ही एकच रड. म्हणून काही कंपन्या पोरांना स्वतःच्या खर्चानं हेवी शिकवायलेत, राहणं-जेवण देतात, लायसनची फी भरतात, वरून थोडंफार स्टायपेंड. बीड, परभणी, हिंगोलीकडच्या आपल्या पोरांना हे ऐकायला लई भारी वाटतं अन् स्कीम खरंच चांगली असू शकते, फक्त ती फुकट नसते, पैशाऐवजी तुमची दोनेक वर्षं बाँडमध्ये (मधीच नोकरी सोडणार नाही असा लेखी करार) घेतात. त्या दोन वर्षांच्या बदल्यात आपल्याला काय मिळायलंय हे बघूनच सही करायची.

पण त्याच्याबी आधी एक काम कोणतीच कंपनी तुमच्यासाठी करू शकत नाही. हेवीचं लर्निंग काढायचं तर एलएमव्ही म्हणजे कार-जीपचं लायसन किमान 1 वर्ष जुनं लागतं, अन् ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय 20 पूर्ण लागतं. 18 पूर्ण झाल्या झाल्या एलएमव्ही काढून ठेवलं तर विशीत मोकळे, नाहीतर कंपनीची भरती निघाल्यावर जाग आली की वर्षभर नुस्तं बसून राहा. आठवी पासची अट 2019 मधी निघाली, तरी कंपन्या दहावी विचारतात, कारण बिल, पावती, ॲप हे सगळं ड्रायव्हरलाच बघावं लागतं.

कागदं सारथी पोर्टलवर (लायसनची सरकारी वेबसाईट) स्वतः भरा, अवघड नाही. डॉक्टरचा फॉर्म 1ए लागतो, त्यात नजर अन् लाल-हिरवा रंग ओळखता येतो का ते तपासतात, तर ही तपासणी गाव सोडायच्या आधीच करून घ्या. ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5 लागतो. लर्निंग 6 महिने चालतं, 30 दिवस झाले की टेस्ट देता येते. केंद्राच्या नियमातली फी बघा, लर्निंगला एका प्रकारामागं 150 रुपये अन् टेस्टला 300, आता एजंट सांगतो तो आकडा याच्या शेजारी ठेवून बघा म्हणजे कळंल. एकदा निघालं की ट्रान्सपोर्टचं लायसन 5 वर्षं चालतं.

आता ट्रेनिंग. सरकारमान्य ॲक्रेडिटेड सेंटरचा हेवीचा कोर्स 6 आठवड्यांत 38 तासांचा असतो, थेअरी धरून. त्यामुळं कंपनीनं "दहा दिवसात ड्रायव्हर करतो" म्हणलं की समजून जायचं. मी तर एकच प्रश्न विचारायला लावतो, एका गाडीवर किती पोरं? एका केबिनमधी सात-आठ जण कोंबले तर दिवसभरात एकाच्या वाट्याला स्टेअरिंग किती येणार, बाकीचा टाईम मागं बसून रील बघणं. भरलेल्या गाडीवर शिकवतात का हे बी विचारा, रिकामी गाडी कोणीबी पळवतो. मांजरसुंब्याच्या घाटात वीस-पंचवीस टन माल घेऊन उतरताना न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे आजबी हाईत, तसं कधीच करू नका. गिअर उतरायच्या आधीच खालचा टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावायचा अन् पायाचा ब्रेक थोडा थोडा दाबून सोडायचा, धरून ठेवला की ड्रम तापतात अन् मग ऐन वळणावर ब्रेक लागतच नाही. सकाळी गाडी चालू केली की हवेचं प्रेशर भरेपर्यंत बझर वाजत राहतो, तोवर गाडी हलवायची नाही. टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाज ऐकायचा, युरिया बघायचा (शेतातला नव्हे, बीएस-6 म्हणजे नव्या प्रदूषण नियमाच्या गाडीत धूर साफ करायला लागतो तो, तो संपला की गाडी ओढतच नाही). हे सगळं उस्ताद शिकवतो, पण तुम्ही खोदून विचारलं तर.

बाँडकडं येऊ, पोरं फसतात ती हितंच. कॉपी मागा, घरी घेऊन या, कोणाकडून तरी वाचून घ्या, "आजच सही करा" म्हणत असतील तर उठून या. ओरिजनल लायसन, मार्कशीट, सही केलेला कोरा चेक, यातलं काहीच द्यायचं नाही, झेरॉक्स द्या. मधीच सोडलं तर किती भरायचे तो आकडा लिहिलेला पाह्यजे, अन् जसजसे महिने जातील तसतसा कमी झाला पाह्यजे, तेवीस महिने काम करून बी पूर्ण रक्कम मागणं हा कोणता न्याय? 1872 च्या करार कायद्यात कलम 74 आहे, त्यानुसार कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, कागदावरचा आकडा आपोआप वसूल होत नाही. तरी कोर्टाची पायरी चढायला कोणाला वेळ आहे, आधीच भांडून घ्या. कंपनीनंच काढलं तर बाँड माफ का, हे बी लिहून घ्या.

पगार महिन्याचा का ट्रिपवर, भत्ता वेगळा का, पीएफ कापतात का, हे विचारायला लाजू नका. चलनाचं तर आधीच विचारा. कायद्यात ओव्हरलोडला 20,000 अन् वरच्या प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे, माल भरणारा वेगळा अन् पगारातून कापून घेणार ड्रायव्हरचा, असं नको. ई-वे बिल (मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाईन कागद) साधारण 200 किलोमीटरला 1 दिवस चालतं, पार्टीनं गाडी गेटवरच अडवून ठेवली अन् मुदत गेली तर ते तुमच्या माथी मारू नये. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा होता, त्यात दिवसाला 8 तास, लांबच्या पल्ल्याला फारतर 10 असं होतं, 2025 मधी त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण झोप आली तर गाडी साईडला घ्यायची, सुपरवायझरचा फोन वाजू द्या.

पहिलं वर्ष शक्यतो फिक्स रूटचं काम मागा. वाळूजहून न्हावाशेव्याचे कंटेनर, परळीच्या राखेचे बल्कर, लातूरचं सोयाबीन, अशात एकच रस्ता परत परत होतो अन् हात बसतो. जालन्याची सळई ट्रेलरवर असते, ते लगेच मागू नका, ट्रेलर रिव्हर्स घेणं हा वेगळाच ताप आहे. टँकरला पैसे बरे मिळतात पण गॅस, केमिकल असल्या धोकादायक मालाचं वेगळं ट्रेनिंग अन् लायसनवर वेगळी नोंद लागते, ते नंतर.

अन् मागच्या बॅचच्या दोन-तीन पोरांचे नंबर कंपनीकडं मागा. त्यांना फोन करून विचारा पगार किती तारखेला होतो, घरी किती दिवसांनी सोडतात. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी कंपनी बघा.